समुद्रासमोरचं बिऱ्हाड

घोडपदेवच्या आमच्या चाळीपासून समुद्र चालत जाण्याइतका जवळ होता, पण मधे रे रोड स्टेशनचे रूळ, पोर्ट ट्रस्टच्या भिंती, लकडी बंदरातले ओंडके आणि दारूखान्यातलं जहाजांचं भंगार. बोटींचे भोंगे ऐकू यायचे, वाऱ्याला खारट गंजका वास असायचा, पाणी मात्र नजरेला पडत नसे. बंदर म्हणजे हमालांचं, खलाशांचं, ट्रकवाल्यांचं राज्य. पोरींनी तिकडे फिरकायचं नाही, ही घरोघरची ताकीद. म्हणून समुद्र दाखवायला आजी आम्हा नातींना गिरगाव चौपाटीला न्यायची. वाळूत फतकल मारून बसली की तिची गोष्ट ठरलेली. "इथं आपल्या बाईंचं पहिलं घर होतं गं."

बाई म्हणजे पंडिता रमाबाई. आमचं घर मराठी ख्रिस्ती. माझी पणजी १९०० सालच्या गुजरातच्या दुष्काळात बाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात आलेली पोर. आईबापांचं नाव तिला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. मराठी ती तिथेच शिकली आणि तिथल्याच छापखान्यात खिळे जुळवायलाही शिकली. लग्नानंतर ती भायखळ्याकडे आली आणि आमचं कूळ या भागात रुजलं. चौपाटीचं घर तिने पाहिलेलं नव्हतं. केडगावातल्या थोरल्या बायकांनी ते तिला सांगितलं, तिने आजीला, आजीने आम्हाला. त्या सांगण्यात तारखा नव्हत्या. तारखा मी पुढे पुस्तकांतून लावून घेतल्या.

११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी चौपाटीजवळ विधवांच्या शिक्षणासाठी शारदा सदन उघडलं. समारंभाच्या अध्यक्षस्थानी काशीबाई कानिटकर होत्या. त्या काळात सभेचं अध्यक्षपद बाईकडे जाणं हीच केवढी गोष्ट! ज्या लॉर्ड रे यांच्या नावाने आमचा रस्ता आणि १९१० साली झालेलं आमचं स्टेशन ओळखलं जातं, ते तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते. विल्सन कॉलेजची चौपाटीवरची इमारतही त्याच वर्षीची.

आजी सांगायची ते असं. विधवेच्या आलवणातली, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेली एखादी पोर तिथे यायची, ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जाऊन बसायची. तिला वाटायचं, आपली जागा तीच. बाई तिला हाताला धरून बाहेरच्या खोलीत आणायच्या, समुद्राकडे तोंड करून बसवायच्या आणि म्हणायच्या, बस इथं, कुणी उठ म्हणणार नाही. हे असंच घडलं की सांगता सांगता असं झालं, याची मला फिकीर नाही. विधवेला घरात सर्वांत अंधारी जागा मिळे, हे खरं होतं. या घराने तिला उजेडात बसवलं, हेही खरं होतं.

तिथे आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. लहानपणी लग्न झालं आणि काही महिन्यांत नवरा गेला. मुंबईत भावाच्या, नरहरपंत जोशींच्या बिऱ्हाडी आलेली ही तरुणी विशी ओलांडल्यावर सदनात शिकू लागली. त्याच बिऱ्हाडात भावाचे मित्र धोंडो केशव कर्वे राहत. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात गोदूबाईंचा कर्व्यांशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई, सर्वांच्या बाया कर्वे झाल्या. त्यांचं 'माझे पुराण' प्रत्येक मराठी मुलीने वाचावं असं पुस्तक आहे. तारखेचा योग तर पाहा. आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या तो दिवस ११ मार्च १८८६, आणि त्या समारंभाला रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून गेल्या होत्या.

त्या अमेरिकेच्या प्रवासातूनच सदनाचा पैसा उभा राहिला. १८८७ साली बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला होता, तरी सदनात धर्म शिकवायचा नाही अशी अट होती. सोवळं, पूजा, व्रतं जिच्या तिच्या मर्जीवर.

त्याच काळात इंग्लंडात चर्चच्या आश्रयाने 'गर्ल्स फ्रेंडली सोसायटी' काम करत होती. १८७५ साली स्थापन झालेल्या या संस्थेने घरकाम करणाऱ्या, गिरणीत राबणाऱ्या मुलींसाठी समुद्रकाठी विश्रांतिगृहं काढली. काम चांगलंच होतं. पण शीलाला डाग लागलेल्या मुलीला सभासद करायचं नाही, हा त्यांचा मूळ नियम. रमाबाईंनी पुढे केडगावला नेमक्या अशाच बायकांसाठी कृपा सदन काढलं. माझ्या लेखी रमाबाईंचं मोठेपण इथे सर्वांत स्पष्ट दिसतं.

चौपाटीचं बिऱ्हाड जेमतेम वीस महिने टिकलं. नोव्हेंबर १८९० मध्ये सदन पुण्याला हललं. तिथे वादळ उठलं. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत तेव्हा दार उघडं ठेवत. मुली येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली, १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतलं आणि पालकांनी वीस-पंचवीस मुली परत नेल्या.

आमच्या घरात या प्रकरणात बाईंचाच पक्ष घेतला जाई. आज मला दोन्ही बाजू दिसतात. पोर जगावी, शिकावी, पण आपली राहावी, असं वाटणाऱ्या बापाची भीती खोटी नव्हती. पुढे तिथल्या काही मुलींनी बाप्तिस्मा घेतलाही. पण रमाबाईंनी दार लावून, चोरून प्रार्थना करायला हवी होती, हेही मला पटत नाही. दुःख याचं वाटतं की त्या भांडणात परत नेलेल्या पोरींना तुला काय हवं, असं कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. त्यांतल्या कितीजणी पुन्हा अंधाऱ्या खोलीत गेल्या असतील, या विचाराने आजीचा आवाज दर वेळी कापायचा.

रमाबाईंनी मग केडगावला जमीन घेतली. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली आणल्या आणि १९०० साली गुजरातेतून आणखी, माझ्या पणजीसह. या वेळी कसलीही अट नव्हती. मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती होतं. बाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथल्याच मुलींनी छापलं. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई गेल्या. मुक्ती मिशन आजही केडगावात चालू आहे.

शारदा सदनाची हकिगत लिहिताना पुष्कळजण पुण्यातल्या वादापासून सुरुवात करतात आणि वादावरच थांबतात. मला हे अन्यायाचं वाटतं. सुरुवात चौपाटीवरच्या वीस महिन्यांपासून व्हायला हवी, कारण विधवा मुलगी शिकू शकते हे तिथे आधी दिसलं, आणि तिथून निघालेली गोदूबाई पुढे कर्व्यांच्या अनाथ बालिकाश्रमासाठी आयुष्यभर झिजली.

तुमच्या घरात केडगावला, कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमात, पुण्याच्या सेवासदनात वाढलेली एखादी आजी किंवा पणजी असेल, तर तिची हकिगत जाणणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाला या आठवड्यातच गाठा. तिला तिथे कुणी पोचवलं, पहिल्या रात्री ती कुठे झोपली, केस पुन्हा वाढवले तेव्हा घरचे काय म्हणाले, हे विचारा आणि गावाच्या नावानिशी लिहून ठेवा. संस्थांच्या अहवालांत या गोष्टी सापडत नाहीत.