फ्लॉम, जोसेफ

(२१ डिसेंबर १९२३–२३ फेब्रुवारी २०११). अमेरिकन वकील. कंपन्यांचे ताबे आणि विलीनीकरण यांच्या कायद्यातले विसाव्या शतकातील अग्रगण्य नाव. जन्म बॉल्टिमोरला, बालपण मंदीच्या काळात न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनला गेले. आईवडील पूर्व युरोपातून आलेले ज्यू. वडील शिवणकामगारांची संघटना बांधत, पुढे बायकांच्या कपड्यांना लावायचे खांद्याचे पॅड शिवू लागले. आई घरी बसून नगावर शिवणकाम करी. फ्लॉम यांनी दोन वर्षे सिटी कॉलेजच्या रात्रवर्गात काढली, लष्करात नोकरी केली आणि पदवी नसतानाच हार्वर्डच्या विधी महाविद्यालयात प्रवेश मिळवला.

१९४८ मध्ये ते बाहेर पडले, तेव्हा न्यूयॉर्कच्या जुन्या, घरंदाज फर्मांत ज्यू वकिलांना सहसा थारा नव्हता. त्याच वर्षी १ एप्रिलला स्कॅडन, आर्प्स आणि स्लेट या तिघांनी नवी फर्म थाटली होती. फ्लॉम तिथले पहिले पगारी वकील. १९५४ मध्ये भागीदार झाले. पक्षकार फारसे नव्हते, त्यामुळे दाराशी येईल ते काम घ्यावे लागे. येई ते बहुधा मोठ्या फर्मांनी नाक मुरडून पुढे ढकललेले: प्रॉक्सीचे झगडे.

संचालक मंडळ उलथवायचे तर भागधारकांकडून मतदानाची अधिकारपत्रे, म्हणजे प्रॉक्सी, गोळा कराव्या लागतात. मोजणीच्या खोलीत दोन्ही बाजूंचे वकील गठ्ठे उपसत बसत. सही जुळत नाही, विश्वस्ताने आपला हुद्दा लिहिला नाही, त्याच भागधारकाची नंतरच्या तारखेची दुसरी प्रॉक्सी निघाली, म्हणून पहिली बाद. कायदा इथे पुस्तकापेक्षा चिवटपणावर चाले आणि फ्लॉम यांचा हात याच खोलीत बसला. वीस वर्षे केलेले हे हलके मानलेले काम पुढे सोन्याच्या भावाने विकले गेले.

१९६८ च्या विल्यम्स कायद्याने भागधारकांकडून थेट समभाग विकत घेण्याच्या जाहीर देकारांना नियम घालून दिले. जुलै १९७४ मध्ये कॅनडाच्या इन्को या निकेल कंपनीने फिलाडेल्फियाच्या ईएसबी या बॅटरी कंपनीवर समभागामागे २८ डॉलरचा, संचालकांची संमती नसलेला देकार टाकला. सल्लागार बँक मॉर्गन स्टॅन्ली, वकील फ्लॉम. चढाओढ होऊन सौदा ४१ डॉलरला पटला. अशा प्रतिष्ठित बँकेने अशा स्वारीत उतरणे नवीन होते. तिने हात घातल्यावर इतरांचा संकोच गळाला. बॅटरीचा धंदा इन्कोला पुढे आतबट्ट्याचा ठरला, पण वकिलांची फी तोवर जमा झालेली होती.

त्यानंतर अनेक कंपन्या फ्लॉम यांच्या फर्मला दरसाल ठराविक रक्कम देऊ लागल्या. ती कामाची आगाऊ फी खरी, पण खरा हेतू हा की उद्या स्वारी झाली तर फ्लॉम समोरच्या बाजूला नसावेत. वकिली व्यवसायात इतके चतुर वर्षासन क्वचितच कोणी मिळवले असेल. प्रतिस्पर्धी मार्टिन लिप्टन बहुधा बचावाच्या बाजूला असत. १९८२ च्या सुमारास त्यांनी काढलेली ‘पॉयझन पिल’ ही बचावाची युक्ती आजही वापरात आहे.

फ्लॉम यांच्या हयातीतच फर्म सुमारे २,००० वकिलांची झाली. सार्वजनिक हिताचे काम करू इच्छिणाऱ्या तरुण वकिलांसाठी तिने १९८८ मध्ये पाठ्यवृत्ती सुरू केली. हार्वर्डमधील आरोग्य-कायद्याच्या केंद्राच्या नावात फ्लॉम यांचेही नाव आहे. फर्मच्या लांबलचक नावात मात्र ते सर्वांत शेवटी येते. बाजारात तिला नुसते ‘स्कॅडन’ म्हणतात. ते मार्शल स्कॅडन १९५८ मध्येच वारले होते.