राज्यपालांचा अर्थसंकल्पविषयक नकाराधिकार (पंजाब)

राज्याच्या खर्चाचे प्रस्ताव रोखण्याची राज्यपालांची शक्ती व तिच्यावरील घटनात्मक मर्यादा. अमेरिकेतील बहुतेक घटकराज्यांच्या गव्हर्नरांना खर्चाच्या विधेयकातील एखादीच रक्कम खोडून उरलेल्या विधेयकाला संमती देता येते. भारतीय राज्यपालांना असा बाबवार नकाराधिकार नाही, आणि धनविधेयक, म्हणजे केवळ कर, कर्ज किंवा राज्याच्या संचित निधीतील खर्च यांसारख्या बाबींचे विधेयक, अनुच्छेद २०० नुसार पुनर्विचारासाठी परतही पाठवता येत नाही. मात्र अनुदानाची मागणी किंवा धनविधेयक मांडण्यापूर्वी राज्यपालांची शिफारस लागते (अनुच्छेद २०३ व २०७), आणि वादाचे खरे मूळ या पूर्वशिफारशीतच आहे. राज्यपालांनी सामान्यतः मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागावे, हे शमशेरसिंग विरुद्ध पंजाब राज्य (१९७४) या निकालातील तत्त्व पाहता, शिफारस हा त्यांचा स्वतंत्र नकाराधिकार ठरू शकत नाही.

चंडीगढच्या विधानभवनात या मर्यादांची कसोटी दोनदा लागली. मार्च १९६८ मध्ये अध्यक्षांनी सभागृह दोन महिन्यांसाठी तहकूब केल्याने वर्षअखेरीस अर्थसंकल्पच अडकला, तेव्हा राज्यपाल दा. चिं. पावटे यांनी सत्रसमाप्ती करून (म्हणजे अधिवेशन औपचारिकरीत्या संपवून), आर्थिक कामकाज खोळंबू नये म्हणून अध्यादेश काढून, १८ मार्चला विधानसभा पुन्हा बोलावली. त्या गोंधळात संमत झालेले विनियोजन कायदे उच्च न्यायालयाने रद्द ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ते वैध ठरवले. येथे राज्यपालांचा अधिकार खर्च अडवण्यासाठी नव्हे, तर तो सुरू ठेवण्यासाठी वापरला गेला, हे विशेष लक्षणीय होय.

२०२३ मध्ये चित्र उलटे झाले. राज्यपाल बनवारीलाल पुरोहित यांनी फेब्रुवारीत अर्थसंकल्पी अधिवेशन बोलावण्यापूर्वी कायदेशीर सल्ल्याची भाषा केली आणि राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर ते बोलावले. ऑक्टोबरमध्ये, सत्रसमाप्तीविना बोलावलेली बैठक बेकायदा आहे असे मानून, तीन धनविधेयकांना पूर्वमान्यता नाकारली. १० नोव्हेंबरच्या निकालात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने त्याच सत्रातील जूनच्या बैठका वैध ठरवल्या, बैठकीच्या वैधतेवर शंका घेणे राज्यपालांच्या कक्षेत येत नाही असे सांगितले, आणि सामान्य विधेयकाची संमती रोखल्यास ते विधानसभेकडे परत पाठवलेच पाहिजे, असे स्पष्ट केले. लोकनियुक्त सभागृहाच्या तिजोरीवरील हक्काचे रक्षण करणारा हा निकाल योग्यच म्हटला पाहिजे.

धनविधेयके अडण्याचा आणखी एक घटनात्मक मार्ग आहे: अनुच्छेद ३६० खालील आर्थिक आणीबाणीत केंद्र सरकार राज्यांची धनविधेयके राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवण्यास सांगू शकते. तशी आणीबाणी भारतात आजवर एकदाही जाहीर झालेली नाही.