उमरोळी, तारापूर आणि चिखलातला हिशेब

उमरोळी म्हणजे पालघर आणि बोईसरच्या मधलं स्टेशन. एवढं सांगितलं की आमच्या पुण्याकडच्या नातेवाईकांचा ठरलेला प्रश्न, "म्हणजे त्या अणुशक्तीजवळ ना?" तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झालं, आणि या भागाबद्दलची सगळी भीती तिथेच जाऊन चिकटली. मागोमाग आलेल्या एमआयडीसीची भीती तेव्हा कोणाला वाटली नाही. तिथे नोकऱ्या होत्या. रंग, रसायनं, औषधं, कापड, पोलाद... सांडपाणी काय, समुद्र एवढा मोठा आहे की!

गोम इथेच आहे. शेण, अन्न, मैला यांना जंतू खाऊन संपवतात. धातू संपत नाही. जस्त आणि तांबं शरीराला लागतं, पण अगदी चिमूटभर. शिसं, कॅडमियम, पारा यांचं शरीरात कामच नाही. तरी ते आत शिरतात, कारण शरीर फसतं! शिशाला कॅल्शियम समजून हाडात ठेवतं, आणि एकदा मूत्रपिंडात शिरलेलं कॅडमियम दहा-वीस वर्षं हलत नाही. पाऱ्याची गोष्ट आणखी वाईट. खाडीच्या चिखलातले जंतू त्याचा मिथिल पारा करतात, तो छोट्या माशातून मोठ्या माशात वाढत जातो आणि शेवटी ताटात येतो. कितीही कोकम घाला, शिजवून तो जात नाही.

जपानमधल्या मिनामाटात हेच घडलं. १९५६ साली तो आजार अधिकृतपणे नोंदला गेला, पण त्याआधीच मासे खाणारी मांजरं वेडीवाकडी नाचून मरत होती. तारापूरची वसाहत उभी राहिली ती त्यानंतर, म्हणजे धडा छापून झाल्यावर. तारापूरचं मिनामाटा झालं असं मी म्हणत नाही. पण समुद्र सगळं पोटात घेतो, हे तेव्हाच खोटं ठरलं होतं.

आपल्याकडे ओरड केली ती मच्छीमारांनीच. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ मध्ये हरित लवादाकडे गेली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निर्देशांकात तारापूरला २००९ मध्ये ७२.०१ गुण होते (सत्तरच्या वर म्हणजे अतिप्रदूषित), २०१८ मध्ये ते ९३.६९ झाले. देशात पहिला नंबर! लवादाने जानेवारी २०२२ मध्ये कारखान्यांना आणि सामाईक सांडपाणी केंद्राला भरपाई भरायला सांगितलं.

हे गुण मात्र अख्ख्या वसाहतीचे. ओहोटीला चिखलात उतरून तिसऱ्या आणि कालवं वेचणाऱ्या बाईच्या मूत्रपिंडात किती कॅडमियम आहे, ते त्यातून कळत नाही. त्यासाठी तिचं रक्त आणि लघवी तपासावी लागते, आणि दर काही वर्षांनी पुन्हा तपासावी लागते. चिखल तर थरावर थर साठवून ठेवतोच आहे. कोणी नळी खुपसून थर मोजले, तर कोणत्या दशकात काय सोडलं तेही निघेल.