लुकलुकत्या प्रकाशाचा मेंदूवरील परिणाम

ठरावीक वेगाने चालू-बंद होणारा प्रकाश डोळ्यांवर पडला असता मेंदूच्या मागील भागातील दृष्टिकेंद्राची विद्युत क्रिया त्याच लयीत होऊ लागते. या घटनेला फोटिक ड्रायव्हिंग असे म्हणतात. तिच्या प्रभावाने निरोगी व्यक्तीला प्रत्यक्षात नसलेले रंग व आकृत्या दिसू शकतात; प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्या व्यक्तीला मात्र झटका येऊ शकतो. लुकलुकण्याची वारंवारता हर्ट्‌झ या एककात, म्हणजे दर सेकंदाच्या आवर्तनांत मोजतात.

इतिहास

सूर्याकडे तोंड करून मिटलेल्या डोळ्यांसमोर पसरलेली बोटे हलवल्यास चौकटींसारख्या आकृत्या दिसतात, असे चेक शरीरक्रियाशास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नोंदवले. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूचा पहिला विद्युत आलेख (ईईजी) घेतला व १९२९ मध्ये तो प्रसिद्ध केला. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या व्यक्तीच्या आलेखात सुमारे ८ ते १३ हर्ट्‌झच्या अल्फा लहरी ठळकपणे दिसतात. लुकलुकत्या प्रकाशाने मेंदूतील लहरींना वेगळी लय देता येते, हे केंब्रिज येथील एडगर एड्रियन व ब्रायन मॅथ्यूज यांनी १९३४ मध्ये दाखवले. पुढे ब्रिस्टॉल येथे ग्रे वॉल्टर यांनी इलेक्ट्रॉनिक स्ट्रोबोस्कोप वापरून हे संशोधन विस्तारले.

१९५८ मध्ये फ्रान्समध्ये बसप्रवास करताना रस्त्याकडेच्या झाडांमधून येणाऱ्या उन्हामुळे चित्रकार ब्रायन गायसिन यांना मिटल्या डोळ्यांपुढे रंगीत आकृत्या दिसल्या. या अनुभवावरून त्यांनी इयान सोमरव्हिल यांच्यासह ड्रीममशीन तयार केले. त्यात फिरत्या तबकडीवर छिद्रे असलेली नळी व तिच्या आत दिवा असतो.

आकलनावरील परिणाम

सुमारे १० हर्ट्‌झने लुकलुकणारा प्रकाश त्याच दिव्याच्या स्थिर प्रकाशापेक्षा अधिक तेजस्वी भासू शकतो. वारंवारता वाढवत नेल्यास एका मर्यादेनंतर लुकलुकणे जाणवत नाही व प्रकाश अखंड दिसतो. ही मर्यादा प्रकाशाच्या तेजस्वितेनुसार बदलते व उजळ प्रकाशात साधारणतः ५० ते ६० हर्ट्‌झ असते. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे असली, तरी प्रक्षेपकाची झडप प्रत्येक चित्र दोन किंवा तीन वेळा दाखवते. त्यामुळे पडदा लुकलुकताना दिसत नाही.

लुकलुकणे जाणवले नाही तरी त्याचा परिणाम होऊ शकतो. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा असल्याने जुन्या पद्धतीच्या चोकवर चालणारी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. अशा प्रकाशाचा संबंध डोकेदुखी व डोळ्यांवरील ताणाशी आढळला आहे. इलेक्ट्रॉनिक चोकमध्ये वारंवारता खूपच जास्त असल्याने हा त्रास कमी होतो.

प्रकाशसंवेदी अपस्मार

हा विकार मुख्यतः मुले व किशोरवयीनांमध्ये आढळतो. १५ ते २५ हर्ट्‌झचा प्रकाश सर्वाधिक धोकादायक मानला जातो. गडद लाल रंगाने धोका वाढतो. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये पोकेमॉन मालिकेच्या एका भागात लाल व निळा रंग सुमारे १२ हर्ट्‌झने काही सेकंद आलटून-पालटून दाखवला गेला. त्यानंतर ६८५ जणांना, बहुतांशी मुलांना, रुग्णालयात नेण्यात आले. या घटनेनंतर तेथे दूरचित्रवाणीसाठी मार्गदर्शक नियम करण्यात आले. संकेतस्थळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकषांनुसार मोठ्या व ठळक झगमगाटाची मर्यादा सेकंदाला तीन वेळा इतकी आहे.

असा प्रकाश अचानक समोर आल्यास एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून नजर दुसरीकडे वळवावी. प्रकाश पापण्यांतूनही आत जात असल्यामुळे केवळ डोळे मिटणे पुरेसे नसते.

उपयोग

या विकाराच्या निदानासाठी ईईजी तपासणीत रुग्णासमोर नियंत्रित पद्धतीने प्रकाश लुकलुकवतात. मेंदू-संगणक जोडणीत पडद्यावरील प्रत्येक चिन्ह निराळ्या वारंवारतेने लुकलुकते. व्यक्ती कोणत्या चिन्हाकडे पाहते हे संगणक तिच्या मेंदूलहरींवरून ओळखतो. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ४० हर्ट्‌झच्या प्रकाशामुळे अल्झायमरसदृश विकार असलेल्या उंदरांच्या दृष्टिकेंद्रातील अमायलॉइड प्रथिन घटल्याचे आढळले. त्यानंतर मानवी रुग्णांवरही चाचण्या सुरू झाल्या.