शून्यकपात (आभासी चलनाची)

वाढलेली शून्ये पुसून चलनाचे नवे एकक रूढ करणे. तुर्कस्तानने २००५ मध्ये १० लाख जुन्या लिरांची १ नवी लिरा केली. ऑनलाइन जगात ‘गाया ऑनलाइन’ने हाच मार्ग धरला. २००३ मध्ये सुरू झालेल्या या संकेतस्थळावर खऱ्या पैशांत ‘सोने’ (तिथले आभासी चलन) देणाऱ्या पेट्या विकल्या गेल्या, भाव भडकले आणि पुढे १ कोटी सोन्यामागे १ ‘प्लॅटिनम’ आले. समजा, ५० कोटींची टोपी ५० ला मिळू लागली. ५० कोटींचा धनीही पन्नासावर आला. टोपी तेवढीच महाग, पण खिसा कापल्यासारखे वाटतेच. या चलनभ्रमावर आयर्व्हिंग फिशर यांनी १९२८ मध्येच पुस्तक लिहिले होते. शून्ये पुसल्याने पेट्यांतून येणारे सोने मात्र थांबत नाही.