नऊ शेंगदाणे

आमच्या आजोबांची निंबाळकरांची गोष्ट शेंगदाण्यांशिवाय सुरू होत नसे. तेही खारे नव्हेत. आजीनं चुलीवर वाळूत भाजलेले, सालासकट, आणि बरोबर गुळाचा खडा. ताटली समोर आली की आजोबा त्यातले नऊ दाणे वेगळे काढून पाटावर ओळीनं मांडायचे. त्यांना हात लावायचा नाही, असा आम्हा पोरांना दम.

साल १९४८, डिसेंबर. त्या वर्षी जानेवारीत गांधीजी गेले, पाठोपाठ कोल्हापुरात जाळपोळ झाली. त्याबद्दल आजोबा कधीच बोलले नाहीत. संस्थान अजून विलीन व्हायचं होतं. पेपरात मात्र सगळा वेस्ट इंडीजचा बोलबाला. मुंबईच्या कसोटीत एव्हर्टन वीक्सनं १९४ केल्या, लोक त्याच्याच गप्पा मारत होते. अशात तिकडं पुण्याला, पूना क्लबच्या मैदानावर, "आपला गडी" काठियावाडाविरुद्ध रणजीच्या सामन्यात उतरला. भाऊसाहेब निंबाळकर. अस्सल कोल्हापूरचे.

आजोबा म्हणायचे, मी तिथं होतो. एस्टी की रेल्वे, हे दर वेळी बदलायचं. मग स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "कुठलं गेलाय! तवा हिवतापानं हातरुनात पडला हुता. पेपर मीच आणून दिलता." आजोबा ऐकू न आल्यासारखं करायचे. मला आजही वाटतं, आजीचंच खरं असावं. पण मैदानावरची धूळ आजोबांच्याच गोष्टीत होती.

काठियावाड २३८ वर गारद. मग भाऊसाहेब आणि कमल भांडारकर यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावा जोडल्या. भांडारकरांच्या २०५. भाऊसाहेब मात्र ४९४ मिनिटं उभेच. तेवढ्या वेळात आपल्याकडं लग्न लागून पंगती उठून वऱ्हाड परतीला लागतं, असा आजोबांचा हिशोब. महाराष्ट्र ४ बाद ८२६, भाऊसाहेब नाबाद ४४३. ब्रॅडमनचा विक्रम नाबाद ४५२ चा.

आणि विश्रांतीला खेळ थांबला तो थांबलाच. काठियावाडचे कप्तान राजकोटचे ठाकूरसाहेब. अजून किती मार खायचा, म्हणून त्यांनी सामना सोडून दिला. इथं आजोबा पाटावरच्या दाण्यांकडं बोट करायचे. "हे एवढं राहिलं." थोरले काका दर वेळी खवचटपणे म्हणायचे, "नवानं बरोबरीच झाली असती, विक्रमाला दहा लागतात." आजोबा काही न बोलता दहावा दाणा ठेवायचे. ठाकूरसाहेबांना मात्र त्यांनी कधी शिवी घातली नाही. "पाव्हण्याला उनात किती पळवायचं?" एवढंच.

ब्रॅडमननं म्हणे पुढं निरोप धाडला, की तुझी खेळी माझ्यापेक्षा सरस. आजोबा म्हणायचे पत्र, काका म्हणायचे तार.

भाऊसाहेब बडोद्याकडून खेळले, होळकरांकडून खेळले, पुढं रेल्वेकडून. मध्यमगती गोलंदाजी करायचे, प्रसंगी यष्टीमागंही उभे राहायचे. प्रथम श्रेणीत ८० सामने, सरासरी ४७.९३, बारा शतकं. कसोटी एकही नाही. यावर आजोबांकडं तीन-चार उपपत्त्या होत्या, त्यातली एक पुणे-मुंबईवाल्यांवरची इथं न सांगितलेली बरी. खरं तर हजारे, मर्चंट, मोदी यांच्या रांगेत कुणाला उठवायचं, हाही प्रश्न होताच. पण ४४३ करून घरी बसलेल्या माणसाच्या गावात हा युक्तिवाद करायची माझी छाती नव्हती.

लहानपणी एकदा रंकाळ्यावर आजोबांनी लांबून एक गृहस्थ दाखवले आणि माझा हात दाबला. ते भाऊसाहेबच होते का, कोण जाणे. आजोबांनी टोपी सारखी केली, एवढं आठवतं. भाऊसाहेब गेले ते २०१२ च्या ११ डिसेंबरला, कोल्हापुरातच. दुसऱ्या दिवशी त्र्याण्णव पुरी झाली असती. काकांचा फोन आला. पहिलं वाक्य, "बघ, हितंबी एकच कमी."

त्या संध्याकाळी मी दाणे भाजले. गॅसवर, वाळूशिवाय, करपले थोडे. नऊ वेगळे काढले, आणि धाकटीनं त्यातला एक उचलून खाल्ला.