टाकळा

टाकळा (तरोटा, तरवटा, सं. चक्रमर्द, दद्रुघ्न; हिं. चकवड, पवाड, कों. तायकिळो; शास्त्रीय नाव सेना टोरा; कुल फॅबेसी) : पावसाच्या पहिल्या सरींबरोबर पडीक जमिनीत, रस्त्याकडेला आणि गायरानात दाट उगवणारी वर्षायू वनस्पती. उंची साधारण 30 ते 90 सेंमी. लिनीअस यांनी 1753 मध्ये तिचे वर्णन कॅसिया टोरा या नावाने केले. जुन्या ग्रंथांत हेच नाव आढळते.

चुरगळलेल्या पानाला उग्र वास येतो, म्हणून गुरे टाकळ्याला सहसा तोंड लावत नाहीत. सतत चराई होणाऱ्या रानात गवत खुरटत जाते आणि टाकळा मोकळा वाढतो. नुसता टाकळाच माजलेले गायरान दिसले, तर तिथे चराई फार झाली असे खुशाल समजावे. शिवाय बियांचे कवच टणक असते, त्यातून पाणी सहज आत शिरत नाही. सगळे बी एकदम रुजत नाही. काही मातीत पडून राहते आणि पुढच्या पावसाळ्यांत उगवते. त्यामुळे एका वर्षीची खुरपणी टाकळा संपवायला पुरत नाही.

पान संयुक्त असून त्यावर पर्णिकांच्या तीन जोड्या असतात. पर्णिका टोकाकडे रुंद व बोथट. दिवस मावळला की त्या मिटतात आणि सकाळी उघडतात. पर्णिकेच्या तळाशी असलेल्या फुगीर भागातील पेशींत पाणी भरण्या-ओसरण्याने ही हालचाल घडते. श्रावण-भाद्रपदात पानांच्या बगलेत बहुधा जोडीने पिवळी, पाच पाकळ्यांची फुले येतात. दहा केसरांपैकी सात कार्यक्षम, तीन वंध्य. फुलात मध नसतो, मधमाश्या येतात त्या परागासाठी. परागकोश टोकाच्या छिद्रांनी उघडतात, त्यामुळे काही माश्या फुलाला धरून पंखांचे स्नायू थरथरवतात आणि पराग झाडून घेतात. शेंग बारीक, लांब, विळ्यासारखी वाकलेली. बिया तपकिरी, चकचकीत, तिरप्या चौकोनासारख्या. शेंगा धरत असल्या तरी हरभरा-तुरीप्रमाणे टाकळ्याच्या मुळांवर नत्राच्या गाठी येत नाहीत.

कोवळ्या पाल्याची भाजी हा टाकळ्याचा सर्वांत जिव्हाळ्याचा उपयोग. बाजारातल्या पालेभाज्या पावसाने सडतात त्याच दिवसांत ही रानात फुकट मिळते. फुले येण्याआधीचे शेंडे खुडतात, नंतर पाला जून आणि कडवट होतो. कोकणात फणसाच्या आठळ्या व ओले खोबरे घालून, तर इतरत्र भिजवलेली डाळ, कांदा आणि लसूण घालून भाजी करतात. शिजल्यावर उग्र वास बराच कमी होतो. या भाजीला ‘गरिबाची’ म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे आहे. आषाढातल्या ताटाला तिच्यासारखी चव दुसरी कुठली भाजी देत नाही.

‘दद्रु’ म्हणजे नायटा किंवा गजकर्ण. त्याची वर्तुळे मोडणारा म्हणून चक्रमर्द. लिंबाच्या रसात किंवा ताकात बिया वाटून लेप लावण्याची रीत जुनी आहे. बियांत क्रायसोफॅनॉलसारखी अँथ्राक्विनोन संयुगे असतात आणि ती रेचकही आहेत. भाजलेल्या बियांची पूड कॉफीऐवजी वापरतात. दक्षिण भारतात निळीच्या रंगकुंडात किण्वनासाठी बिया शिजवून घालत. बियांच्या गरापासून मिळणारा डिंक ग्वारच्या डिंकाच्या जातकुळीतला असून डबाबंद पशुखाद्य घट्ट करण्यास वापरतात. मध्य भारताच्या जंगलपट्ट्यांत हे बी गोळा करून विकले जाते.

ओळखताना दोन भाऊबंदांपासून जपावे. सेना ऑब्ट्युसिफोलिया हुबेहूब टाकळ्यासारखी दिसते. तिच्या पानावर ग्रंथी फक्त सर्वांत खालच्या जोडीत असते, टाकळ्यात खालच्या दोन जोड्यांत; तिच्या शेंगेचा देठही लांब असतो. कासविंदा (सेना ऑक्सिडेंटॅलिस) मात्र धोक्याचा आहे. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांना होणारा, यकृत, स्नायू आणि मेंदूवर आघात करणारा जीवघेणा आजार त्याच्या बिया खाल्ल्याने होतो, असा संबंध 2007 मध्ये मांडला गेला. कासविंद्याच्या पर्णिका टोकदार आणि जोड्या तीनपेक्षा अधिक. ग्रंथी देठाच्या तळाशी. शेंग चपटी, फिकट कडांची. टाकळा खुडताना पर्णिकांच्या जोड्या मोजाव्यात, आणि मुलांना शेंगांशी खेळू देऊ नये.